पंचनाम्याला बसलेला प्रेक्षक



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा एक प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या कानात अजून असेल. चित्रपट संपला, दिवे लागले, की ते विचारायचे, "कॅमेरा कुठे ठेवला होता, आणि तिथेच का?" दिग्दर्शक राय असोत की कुरोसावा, प्रश्न तोच. आजचा विषय मी निवडला तो या प्रश्नामुळेच. थोडक्या पैशांत काढलेले, कुणाला तरी सापडलेलं चित्रण म्हणून आपल्यापुढे ठेवले जाणारे गूढ भयपट, ज्यांना सगळे 'फाउंड फूटेज' म्हणतात, त्यांच्यात या प्रश्नाचं उत्तर कथेनेच द्यावं लागतं. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, एवढं सगळं घडत असताना तो चालू का आहे, आणि ही फीत आपल्यापर्यंत पोचवली कुणी? या तीन गोष्टी ज्याने आधी ठरवल्या नाहीत त्याचा चित्रपट अर्ध्या तासात ढेपाळतो.

पत्रिकेवरचा विषय वाचून काही ज्येष्ठांना नवल वाटलं असेल. हलणारा कॅमेरा, अंधार, किंकाळ्या, यात स्मृतिव्याख्यानाजोगं काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे. या चित्रपटांना सगळे 'स्वस्तातले' म्हणतात आणि पैशाच्या हिशेबात ते बरोबरही आहे. पण त्यांना लागणारं खरं भांडवल विश्वासाचं असतं, आणि ते निर्मात्याच्या खिशातून येत नाही. ते प्रेक्षकाकडून घेतलं जातं, नटांकडून घेतलं जातं, कधी एखाद्या गावाकडून घेतलं जातं. हे उसनं फेडलं गेलं का, हा हिशेब मला आज मांडायचा आहे.

ऑक्टोबर १९९७. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं सेनेका क्रीक उद्यान. उद्यान म्हणजे जंगलच. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लॉरिडातल्या विद्यापीठात चित्रपट शिकलेले दोन मित्र तीन नटांना घेऊन तिथे आले. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स ही तिघांची खरी नावं, आणि चित्रपटात पात्रांनाही हीच नावं दिली. कथा एवढीच : ब्लेअर गावच्या चेटकिणीवर माहितीपट करायला तीन विद्यार्थी १९९४ साली जंगलात जातात आणि परत येत नाहीत, वर्षभराने त्यांचं चित्रण सापडतं. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो कसा काढला, ते मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

संवाद लिहिलेले नव्हते. नटांच्या हातात एक हाय-एट व्हिडिओ कॅमेरा आणि एक १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा दिला होता. छायाचित्रण त्यांनीच करायचं, आवाजही त्यांनीच टिपायचा. पाठीवर सामान, हातात जीपीएस यंत्र. यंत्रावर दाखवलेल्या ठिकाणी पोचलं की तिथे एक क्रेट ठेवलेला असे. झालेलं चित्रण त्यात टाकायचं, नव्या बॅटऱ्या आणि खाणं घ्यायचं. फिल्मच्या रिकाम्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असे आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही असा नियम होता. एकाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं की आज तू चिडायचं. दुसऱ्याला त्याची गंधवार्ता नसायची. दिवसागणिक खाणं कमी करत नेलं. रात्री दिग्दर्शकमंडळी तंबूभोवती फिरायची, काटक्या मोडायची, टेपरेकॉर्डरवर लहान मुलांचे आवाज लावायची, तंबू गदागदा हलवायची. असं आठ दिवस चाललं.

त्यातला एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. तंबू हलतो, तिघं अंधारात धावत सुटतात, हेदर एका बाजूला बघून किंचाळते की ते काय आहे. आपल्याला काहीच दिसत नाही. दिव्याचा वर्तुळाकार झोत, झाडांचे बुंधे, धाप. खरं तर तिथे कुणीतरी होतं. कलाविभागातला एक माणूस पांढरे कपडे घालून, तोंडावर मोजा ओढून उभा केला होता. धावण्याच्या गडबडीत कॅमेरा तिकडे वळलाच नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या चित्रपटात दिग्दर्शकाने हा प्रसंग पुन्हा घेतला असता. इथे तो तसाच ठेवला, आणि चित्रपट त्यावर उभा राहिला. पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला असता तर आपण त्याचं माप घेतलं असतं आणि निवांत झालो असतो. तो दिसला नाही म्हणून पंचवीसहून जास्त वर्षं लोक विचारताहेत की हेदरने काय पाहिलं.

कॅमेऱ्यात जे आलं नाही तेही पुराव्याइतकंच बोलतं. खुनाच्या जागी पंचनामा करताना काय आहे याबरोबर काय नाही हेही पंच पाहतात. दाराची कडी आतून लावलेली नव्हती, चपला जागेवर नव्हत्या. हे चित्रपट आपल्याला तसंच पंच म्हणून बसवतात. चकचकीत भयपटात आपण खुर्चीवर रेलून बसतो, भीती आपल्याकडे चालत येते. इथे आपण पुढे सरकून बसतो, चौकटीचा कोपरा न् कोपरा तपासतो, आवाज पुन्हा ऐकू पाहतो. 'ब्लेअर विच'च्या शेवटी मायकेल भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो. एवढंच. तो क्षण अंगावर येतो, कारण सुरुवातीला गावातल्या एका माणसाच्या मुलाखतीत आपण ऐकलेलं असतं की कोणे एके काळी इथला खुनी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा. ज्याने ती मुलाखत नीट ऐकली त्याला शेवट कळतो. वितरकाने वेगवेगळे पर्यायी शेवट चित्रित करून घेतले होते. राहिला तो मूळचाच. त्याला जोड म्हणून मुलाखतीतला तो खुलासा मात्र मागाहून घातला. पुरावा जागच्या जागी ठेवणं हे संकलकाचं काम असतं, ते असं.

संकलकाचा उल्लेख मुद्दाम केला. 'कॅमेरा उचलला आणि चित्रपट झाला' हा या प्रकाराबद्दलचा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. जंगलातून सुमारे वीस तासांचं चित्रण आलं. त्यातून ८१ मिनिटं निवडायला कित्येक महिने लागले. चित्रीकरणाचा खर्च एक लाख डॉलरांच्या आतच बसला हे खरं, पण ध्वनिमिश्रण करून, ३५ मिलिमीटरवर प्रत काढून तो चित्रपटगृहात जाईपर्यंत खर्च काही लाखांवर गेला होता. शिवाय मूळ बेत वेगळा होता. जंगलातलं चित्रण मधोमध आणि भोवती पोलिसांच्या, नातेवाइकांच्या, अभ्यासकांच्या मुलाखती असा पूर्ण माहितीपट करायचा होता. त्या मुलाखती चित्रपटात नको असं नंतर ठरलं आणि ती सगळी सामग्री संकेतस्थळावर आणि दूरचित्रवाणीवरच्या एका खोट्या माहितीपटात गेली. १७८५ साली एली केडवर्ड नावाच्या बाईवर चेटकाचा आळ आला, १९४०च्या दशकात रस्टिन पार नावाच्या माणसाने सात मुलं मारली, हा सगळा इतिहास दिग्दर्शकांनी रचलेला. लोकांनी तो संकेतस्थळावर वाचला, पोलिसांनी काढल्यासारखी छायाचित्रं पाहिली आणि मग तिकीट काढलं. म्हणजे पंचनामा आधी वाचून ते घटनास्थळी आले होते.

जानेवारी १९९९मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला, तेव्हा तिघं बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली गेली. तिथेच वितरकाने सुमारे अकरा लाख डॉलरांना तो घेतला. जगभरात त्याने जवळजवळ २५ कोटी डॉलर मिळवले.

आणि नट? त्यांना प्रदर्शनाच्या काळात पडद्याआड ठेवलं गेलं. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबीवर त्यांच्या नावापुढे 'बेपत्ता, मृत मानले जातात' असं लिहिलेलं होतं. हेदरच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं येत होती. आपली मुलगी जिवंत आहे हे माहीत असलेल्या आईला ती पत्रं उघडून वाचावी लागली, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. ज्या मुलीने आठ दिवस उपाशीतापाशी कॅमेरा उचलून धरला, नाकाखालचा ओघळ न पुसता आईवडिलांची क्षमा मागणारा तो प्रसंग दिला, तिला त्या वर्षीचा 'सर्वांत वाईट अभिनेत्री'चा रॅझी पुरस्कार मिळाला. तो प्रसंग एकदा पुन्हा पाहा. चेहरा पूर्ण चौकटीत यावा असा तिचा बेत होता. कॅमेरा जास्त जवळ गेला आणि चौकटीत एक डोळा, कपाळ, नाकाची कड एवढंच उरलं. भयपटांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उचलली गेलेली ही चौकट एका नटीने स्वतःच्या हाताने घेतलेली आहे. पुढे तिघांचा वितरकाशी स्वतःच्या नावांच्या वापरावरून कायदेशीर वाद झाला. हेदरने कालांतराने नावच बदललं.

२०२४च्या एप्रिलमध्ये, चित्रपटाचा नवा अवतार काढण्याची घोषणा झाल्यावर, या तिघांनी आताच्या हक्कधारक कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. आमच्या कामाचा मोबदला द्या, आमचं नाव आणि चेहरा वापरताना आम्हाला विचारा, आणि दर वर्षी एका नवोदित दिग्दर्शकाला ६० हजार डॉलरांचं अनुदान द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मूळ चित्रीकरणाचा खर्च तेवढाच होता असं त्यांचं म्हणणं, म्हणून ती रक्कम. या मागण्या रास्त आहेत. अभिनय, छायाचित्रण, ध्वनी आणि संवाद ज्यांचे, त्यांना मानधनी नट म्हणून बाजूला सारता येत नाही.

नटांना असं पडद्याआड ठेवण्याचा प्रकार पहिल्यांदा घडत होता असंही नाही. इटलीतल्या रुजेरो देओदातोने १९८०मध्ये 'कॅनिबल होलोकॉस्ट' काढला. ॲमेझॉनच्या जंगलात गेलेली चित्रपटमंडळी मारली जातात आणि त्यांची रिळं सापडतात, हा साचा तिथून आला. नटांनी वर्षभर लोकांसमोर यायचं नाही असं ठरलेलं होतं. परिणाम असा की इटलीत दिग्दर्शकावर खुनाचा संशय आला आणि नट जिवंत असल्याचं त्याला सिद्ध करावं लागलं. माणसं खोटी मेली होती. चित्रपटात मारलेले प्राणी मात्र खरोखर मारले होते. त्या चित्रपटाचं ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही तो कुणाला पाहा म्हणून सांगावं असं मला वाटत नाही.

विश्वासाचं उसनं किती सहज मिळतं याची आणखी एक साक्ष. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने 'घोस्टवॉच' दाखवला. एका झपाटलेल्या घरातलं थेट प्रक्षेपण असं त्याचं रूप. प्रत्यक्षात सगळं आधी चित्रित केलेलं. सूत्रसंचालक म्हणून मायकेल पार्किन्सन होते, ज्यांच्यावर इंग्लंडच्या घराघराचा विश्वास. बीबीसीकडे फोनांचा पाऊस पडला. बीबीसीने तो पुन्हा कधी दूरचित्रवाणीवर दाखवला नाही. अमेरिकेत डीन अलिओटोने १९८९मध्ये साडेसहा हजार डॉलरांत एका कुटुंबावर परग्रहवासी चालून येतात असा घरगुती व्हिडिओ काढला होता. वितरकाच्या गोदामाला आग लागली आणि बहुतेक प्रती गेल्या. उरलेल्या प्रती नामावलीशिवाय हातोहात फिरल्या आणि उडत्या तबकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी ते खरं चित्रण मानलं. तो माझा चित्रपट आहे, हे अलिओटोला सांगत फिरावं लागलं.

आता आपल्याकडे येतो. मराठी वाचक या प्रकाराला नवखा नाही. सापडलेली डायरी, मागे राहिलेली पत्रं, यांतून उलगडणारं गूढ आपण वाचत आलो आहोत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना ती गोडी लावली. पडद्यावर मात्र हा प्रकार आपल्याकडे उशिरा आला. दिबाकर बॅनर्जींनी २०१०मध्ये 'लव्ह सेक्स और धोका'त दुकानातला टेहळणी कॅमेरा, हौशी विद्यार्थ्याचा कॅमेरा, छुपा कॅमेरा वापरून दाखवले. तो भयपट नाही, पण कॅमेरा कुणाचा आणि कशासाठी हा प्रश्न त्याने आपल्याकडे नेमका मांडला. पुढच्याच वर्षी त्याच निर्मितीगृहातून पवन कृपलानींचा 'रागिनी एमएमएस' आला. २०१३मध्ये कन्नडमध्ये '६-५=२' आला, गिर्यारोहणाला गेलेल्या मित्रांचा.

'रागिनी एमएमएस'मध्ये शहराबाहेरच्या एका बंगल्यात प्रियकराने छुपे कॅमेरे लावून ठेवलेले असतात. मुलीच्या नकळत चित्रण करण्याचा त्याचा डाव. म्हणजे कॅमेरा चालू का, याचं उत्तर कथेने चोख दिलं आहे आणि ते उत्तरच भुतापेक्षा भयंकर आहे. त्या घरातलं भूत मराठी बोलतं. आपण चेटकीण नाही, आपल्या मुलांना आपण मारलं नाही, असं ती बाई मराठीतून पुन्हा पुन्हा सांगते. देशभरच्या चित्रपटगृहांत बहुतेकांनी ती वाक्यं भेसूर आवाज म्हणून ऐकली असतील. आपण ती भाषा कळणारी माणसं. आळ आलेली, मेल्यावरही स्वतःची बाजू मांडत राहिलेली बाई आपल्याला तिथे ऐकू येते. दिग्दर्शकाने त्या बाईची गोष्ट आणखी पुढे नेली असती तर तो चित्रपट फार मोठा झाला असता. तो वाट सोडून गेला याची मला हळहळ आहे.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. मेरीलँडमधली चेटकीण रचलेली होती. तिच्यापायी चित्रपटात नाव आलेल्या बर्किट्सव्हिल या खऱ्या गावाला त्रास झाला. हौशी लोक येत राहिले, गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. पण कुणा बाईच्या दारावर जमाव गेला नाही. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गाव सोडायला लावलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं त्याविरुद्ध तिथे फिरले. समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन छळ करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या मुलखात हे घडतं तिथे 'ही सत्य घटना आहे' अशी पाटी लावून, खऱ्या गावाचं नाव घेऊन चेटकिणीचा व्हिडिओ सोडणं आणि अमेरिकेत तेच करणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. मोबाइलवर येणारे 'अमुक घाटात दिसलेली बाई' असले व्हिडिओ तुम्ही पाहता. त्यांतले काही करणारे हुशार असतात. पण त्या घाटाखाली वस्ती असते, आणि त्या वस्तीत एकटी राहणारी एखादी म्हातारी असते. तिचा विचार कॅमेरा उचलण्याआधी व्हायला हवा.

मग हा प्रकार टाकाऊ का? मुळीच नाही. घेतलेला विश्वास व्याजासकट परत करणारे चित्रपट आहेत आणि त्यांतल्या एकाबद्दल बोलल्याशिवाय मला हे व्याख्यान पुरं करता येणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या जोएल अँडरसनचा 'लेक मंगो' २००८चा. व्हिक्टोरिया राज्यातलं अरारात हे छोटं शहर, तिथलं पामर कुटुंब. सोळा वर्षांची ॲलिस धरणाच्या पाण्यात बुडून जाते. चित्रपट माहितीपटाच्या रूपात आहे : आई, वडील, भाऊ, शेजारी कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. नटांना संवाद लिहून दिलेले नव्हते. प्रसंग माहीत होते, शब्द त्यांचे. म्हणून ती माणसं अडखळतात, मध्येच गप्प होतात, एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीकडे बघतात. घरात शोक अनुभवलेल्या कुणालाही ती बोलण्याची तऱ्हा ओळखू येईल.

भाऊ मॅथ्यूला छायाचित्रणाची आवड. तो घरात व्हिडिओ कॅमेरे लावतो आणि चित्रणात ॲलिस दिसू लागते. काळोख्या बोळात, आरशात, बागेच्या कडेला. आईला आशा वाटते. पुढे उघड होतं की हे सगळं मॅथ्यूने केलेलं आहे. चित्रपट इथे संपेल असं आपल्याला वाटतं. पण त्याच खोट्या चित्रणात, जिथे सगळ्यांचं लक्ष भुताच्या आकृतीकडे होतं, तिथेच दुसऱ्या कोपऱ्यात ओणवा झालेला एक खराखुरा माणूस आईला दिसतो : शेजारी, ॲलिसच्या खोलीत, काहीतरी शोधणारा. भूत खोटं निघतं आणि गुन्हा खरा निघतो. मुलीच्या आयुष्यातलं जे कुणाला माहीत नव्हतं ते तिथून उलगडायला लागतं.

न्यू साउथ वेल्समधलं मंगो सरोवर आज कोरडं आहे. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष तिथल्या वाळूत सापडले आहेत. शाळेच्या सहलीत ॲलिस तिथे गेलेली असते आणि तिने आपला मोबाइल वाळूत पुरलेला असतो. कुटुंबाला तो सापडतो. त्यातलं चित्रण अतिशय वाईट दर्जाचं आहे, नुसते ठोकळे. अंधारातून कुणीतरी तिच्याकडे चालत येतं. जवळ येतं. तो चेहरा तिचाच असतो, पाण्यातून काढल्यानंतरचा. म्हणजे स्वतःच्या मरणाची चाहूल घेऊन ती मुलगी घरी आली होती आणि घरात कुणालाच काही बोलली नव्हती. मी चित्रपट उघड करून सांगतोय याची मला जाणीव आहे. पण हा चित्रपट माहीत असतानाच जास्त बोचतो.

कुटुंबाचं समाधान होतं. आता ॲलिसला शांती मिळाली असं मानून ती माणसं घर सोडून जातात. नामावली सुरू होते आणि आधी आपण पाहिलेलीच छायाचित्रं, तीच चित्रणं पुन्हा दाखवली जातात. या वेळी चौकट सरकते, जिथे मॅथ्यूचं खोटं भूत होतं तिथून दूर. आणि तिथे ती उभी असते. सगळा वेळ तिथेच होती. आई, वडील, भाऊ आणि पंच म्हणून बसलेले आपणही दुसरीकडे पाहत होतो. घरातल्या मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, हे दुःख या चित्रपटाने कॅमेऱ्याच्या भाषेतच सांगितलं. सरांच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्याही भव्य चित्रपटात मिळालेलं नाही.

जपानच्या कोजी शिराइशीचा 'नोरोई' (२००५) दुसऱ्या वाटेने जातो. कोबायाशी नावाचा अतींद्रिय घटनांचा अभ्यासक बेपत्ता झाला आहे. घर जळालं आहे. त्याने पूर्ण केलेला शेवटचा माहितीपट आपण पाहतो. शेजारच्या घरातून येणारं तान्ह्या मुलांचं रडणं, दूरचित्रवाणीच्या करमणूक कार्यक्रमातली एक विलक्षण मुलगी, अंगभर ॲल्युमिनियमची चंदेरी पानं गुंडाळून फिरणारा माणूस, मरून पडणारी कबुतरं, दोरीच्या गाठी. तासभर यांतल्या कशाचा कशाशी मेळ लागत नाही. मग कळतं की हे सगळे धागे एका गावापाशी जातात आणि ते गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. गावात दरवर्षी एका दैत्याला शांत ठेवण्याचा विधी व्हायचा. गाव बुडालं, विधी थांबला. उजनीचं पाणी आटल्यावर पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येताना ज्यांनी पाहिलं आहे, किंवा ज्यांची घरं कोयनेच्या पाण्याखाली गेली आहेत, त्यांना या चित्रपटाचं मर्म समजावून सांगावं लागणार नाही. विस्थापितांचे देव कुठे जातात, हा प्रश्न जपानी दिग्दर्शकाने भयपटात विचारला. तो आपल्याकडच्या कुणाला अजून का सुचला नाही, याचं मला वाईट वाटतं.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'बद्दल थोडंच बोलतो. तो बहुतेकांनी पाहिलेला आहे. ओरेन पेली हा संगणकाचा माणूस. सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात त्याने सात दिवसांत, सुमारे १५ हजार डॉलरांत चित्रीकरण केलं. २००९मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला आणि १९ कोटींहून जास्त डॉलर मिळवून गेला. त्याने केलेली मोलाची गोष्ट एकच : कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दिला. झोपलेलं जोडपं, उघडं दार, कोपऱ्यात धावणारी वेळ. ती वेळ भराभर पळायची थांबली की प्रेक्षागृह श्वास रोखून धरतं. पुढच्या भागांनी हीच युक्ती इतकी झिजवली की तिच्यात जीव उरला नाही. २०२०च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने झूमवरच्या बैठकीत घडणारा 'होस्ट' काढला, जेमतेम तासाभराचा. नट आपापल्या घरी, कॅमेरे आणि दिवे त्यांनीच लावलेले. सगळं जग त्या चौकोनांत बसलेलं असताना तो आला, म्हणून 'कॅमेरा चालू का' हे त्याला सांगावंच लागलं नाही.

या सभागृहात मागच्या रांगांत बरीच तरुण मंडळी बसली आहेत. तुमच्यातले अनेक जण मोबाइलवर लघुपट करतात, आणि पैसे नाहीत म्हणून या प्रकाराकडे वळावं असं काहींच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. जरूर वळा. आपल्याकडे बंद पडलेल्या गिरण्या आहेत, धरणाखालची गावं आहेत, ओस पडलेले कोकणातले वाडे आहेत, ऊसतोडीला गेलेल्या माणसांची कुलूपबंद घरं आहेत. गूढाला तोटा नाही. पण कॅमेरा सुरू करण्याआधी काही गोष्टी कागदावर उतरवा. चित्रण कोण करतंय आणि पळून जायच्या ऐवजी ते का करतंय? फीत कुणाला सापडली आणि त्याने ती का जोडली? याची उत्तरं चित्रपटात कुणी बोलून दाखवायची गरज नाही, पण तुम्हाला ती पाठ हवीत. संकलनाला चित्रीकरणाच्या दसपट वेळ ठेवा. गावाचं नाव मनाने रचा आणि 'सत्य घटना' ही पाटी लावू नका. चित्रपट चांगला असेल तर तिची गरज पडत नाही, 'लेक मंगो'ला पडली नाही. चेटकीण दाखवायचीच असेल तर तिची बाजूही ऐका. आणि नटांशी करार लेखी करा, मित्र असले तरी. त्यांच्या हातात कॅमेरा दिलात तर नामावलीत छायाचित्रणाला त्यांचं नाव द्या, संवाद त्यांनी रचले तर लेखनाला द्या, आणि चित्रपटाने उद्या पैसा मिळवला तर त्यातला वाटा किती हे आजच लिहून ठेवा.

एवढं करून चित्रपट तयार झाला की तो आमच्याकडे आणा. संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. पहिला खेळ याच पडद्यावर लावू आणि खेळानंतर सरांचाच प्रश्न तुम्हाला विचारू.